मधल्या वर्षांचा मान

२०२५च्या २४ ऑक्टोबरला रॉबर्ट फॉयल्गेन या जर्मन वैज्ञानिकाच्या निधनाला ७० वर्षे झाली. ८ नोव्हेंबरला डॉ. कमल रणदिवे यांची जयंती असते. फॉयल्गेन यांनी गीसेन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पेशीच्या केंद्रकातला आनुवंशिक द्रव्याचा साठा डोळ्यांना दिसेल असा रंगवून दाखवला. रणदिवे यांनी मुंबईत परळला टिश्यू कल्चरची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. दोघांची क्षेत्रे शेजारची, पण देश वेगळे, पिढ्या वेगळ्या. ही दोन नावे आज एकत्र घ्यावीशी वाटतात याचे निमित्त एक पुरस्कार आहे.

फॉयल्गेन यांच्या नावाने युरोपातली हिस्टोकेमिस्ट्रीची संस्था एक पुरस्कार देते. हिस्टोकेमिस्ट्री म्हणजे पेशी आणि ऊती जागच्या जागी ठेवून, त्यांचा लगदा न करता, कोणते रसायन नेमके कुठे आहे हे शोधण्याचे शास्त्र. हा पुरस्कार कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या संशोधकांसाठी आहे. पीएच.डी. संपवून नुकत्याच उमेदवारी करणाऱ्या तरुणासाठी तो नाही आणि निवृत्तीनंतर शाल-श्रीफळ स्वीकारणाऱ्या ज्येष्ठासाठीही नाही. ज्याची स्वतःची प्रयोगशाळा उभी आहे, हाताखाली विद्यार्थी आहेत, कामाला दिशा आली आहे, पण ते काम कुठवर पोचेल हे अजून ठरायचे आहे, अशा माणसाला त्याच्याच क्षेत्रातली जाणती मंडळी बोलावतात आणि त्याचे काम त्याच्याच तोंडून ऐकून घेतात. पेशींच्या रसायनाबाहेरच्या जगात या पुरस्काराची बातमी होत नाही. तरीही त्याच्यामागचा विचार आपल्याकडे गंभीरपणे घ्यायला हवा, असे आम्हाला वाटते.

तो विचार समजायचा तर फॉयल्गेन यांचीच कारकीर्द पाहावी. १८८४ साली जन्मलेले फॉयल्गेन शिक्षणाने डॉक्टर. बर्लिनमध्ये त्यांनी न्यूक्लिइक आम्लांच्या रसायनाचा अभ्यास सुरू केला. वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळणारे हे आम्ल सौम्य आम्लात गरम केले, की त्यातून अल्डिहाइड गट मोकळे होतात आणि शिफ यांच्या अभिकर्मकाशी त्यांचा संयोग झाला की रंग येतो, हे त्यांनी १९१४ मध्ये परीक्षानळीत दाखवले. ह्यूगो शिफ यांचा हा अभिकर्मक १८६६ पासून रसायनशास्त्रज्ञांच्या हातात होता. म्हणजे दोन्ही धागे समोर होते. पण परीक्षानळीत जे घडते ते पेशीच्या आत, जागच्या जागी घडवून दाखवायला आणखी १० वर्षे लागली. मध्ये महायुद्ध झाले, जर्मनी हरली, चलन कोसळले, फॉयल्गेन बर्लिन सोडून गीसेनला गेले. १९२४ मध्ये हाइनरिख रोसेनबेक यांच्यासोबत त्यांनी तो शोधनिबंध प्रसिद्ध केला तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तिशीत सुचलेली गोष्ट चाळिशीत फळाला आली. मधल्या दहा वर्षांत एखाद्या मूल्यमापन समितीने त्यांना 'या वर्षी काय दिलेत?' असे विचारले असते, तर त्यांच्याकडे दाखवायला फार काही नसते.

ती प्रक्रिया आजही प्राणिशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत होते. ती करून पाहिलेल्या माणसाला तिची नजाकत कळते. बेसिक फुक्सिनची पूड उकळत्या पाण्यात घालायची, थोडे निवल्यावर गाळायचे, हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, मग पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून बाटली रात्रभर अंधारात ठेवायची. गंधकाच्या वायूचा तो वास नाकात बसतो. दुसऱ्या दिवशी कोळशाची पूड टाकून हलवून गाळले, की गडद किरमिजी पाण्याचे जवळजवळ रंगहीन द्रावण होते. हा शिफचा अभिकर्मक. तो काळ्या कागदात गुंडाळून थंड ठेवायचा आणि गुलाबी छटा आली की ओतून टाकायचा. मग कांद्याच्या मुळाची कोवळी टोके ६० अंश सेल्सियसच्या हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे. इथेच खरी परीक्षा असते. वेळ कमी पडली तर अल्डिहाइड पुरेसे मोकळे होत नाहीत आणि रंग फिका येतो. वेळ जास्त झाली तर डीएनएच विरघळून निघून जातो आणि रंग पुन्हा फिका येतो. नेमकी वेळ साधली तर रंगहीन द्रावणात ठेवलेली पांढरी टोके थोड्या वेळाने जांभळट लाल होतात. काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बाकीची पेशी स्वच्छ आणि गुणसूत्रे तेवढी रंगलेली.

आम्ल डीएनएमधले प्यूरीन तोडते, मोकळ्या झालेल्या शर्करेत अल्डिहाइड तयार होतो आणि रंग त्यालाच चिकटतो. आरएनएची शर्करा थोडी वेगळी असल्याने तो या वागणुकीला दाद देत नाही. म्हणून जिथे रंग तिथे डीएनए, असे म्हणता येते. आणि जितका रंग तितका डीएनए, म्हणून रंगाची तीव्रता मोजून डीएनएचे प्रमाणही काढता येते. १९५० मध्ये ह्यूसन स्विफ्ट यांनी अशी मोजणी करून दाखवले, की एका जातीच्या पेशींत डीएनएचे प्रमाण ठरलेल्या पटीत असते. जनुके कशाची बनतात या प्रश्नाच्या उत्तरात अशा मोजमापांचा मोठा वाटा आहे.

पण त्याआधी फॉयल्गेन यांच्या रंगाने एक जुना समज खोडून काढला होता. त्या काळी न्यूक्लिइक आम्लांचे दोन वर्ग मानले जात: एक थायमसमधले, म्हणजे प्राण्यांचे आणि दुसरे यीस्टमधले, म्हणजे वनस्पतींचे. फॉयल्गेन यांनी वनस्पतींच्या केंद्रकातही तोच रंग उमटवला. प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशींच्या गाभ्यात एकच द्रव्य आहे, हे त्या एका रंगाने सांगितले. याच सुमारास आम्लाची पायरी न झालेल्या कापांत केंद्रकाऐवजी भोवतालचा पेशीद्रव रंगलेला दिसला, तेव्हा तो निकाल त्यांनी बाजूला टाकला नाही. त्याचा पाठपुरावा केला आणि त्यातून प्लाझ्मालोजेन या मेदद्रव्यांचा शोध लागला. हृदयाच्या आणि मेंदूच्या ऊतींत ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. स्वतःच्या पद्धतीवर इतका हात बसलेला माणूसच अनपेक्षित रंगाकडे थांबून पाहतो. असा हात बसायला वर्षे लागतात.

हे सगळे नोंदवण्याचे कारण असे, की पद्धती घडवणाऱ्या संशोधकाची कदर करणे समाजाला अवघड जाते. शोध लावणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते. ज्या पद्धतीने तो शोध दिसला, ती पद्धत काही वर्षांत इतकी अंगवळणी पडते, की तिला मालकच उरत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात क्षयाच्या संशयिताची थुंकी काचपट्टीवर घेऊन झील-नील्सन पद्धतीने रंगवतात. त्यातला किरमिजी रंग फुक्सिनचाच, फॉयल्गेन यांनी वापरला तोच. मुळात कापड रंगवण्यासाठी बनलेल्या या रंगाने क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे जंतू डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आणले. आता अनेक ठिकाणी जनुकीय तपासणीची यंत्रे आली आहेत, तरी या काचपट्टीने आपल्या राज्यात किती पिढ्यांना वेळेवर औषध मिळवून दिले असेल, याचा विचार करून पाहावा.

स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण आणखी थेट आहे. गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, मायक्रोटोमच्या पात्यावर त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप निघतात आणि मग ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या होतात. प्रत्येक तपासणीत एक प्रतिपिंड आपले लक्ष्य शोधून त्याला चिकटतो आणि जिथे चिकटला तिथे तपकिरी रंग उमटतो; बाकीची केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने निळी. केंद्रके तपकिरी झाली तर ईआर पॉझिटिव्ह, आणि त्या बाईला हार्मोनविरोधी गोळ्या चालतील. हर-टूचा निकाल तीन अधिक आला तर वेगळे औषध. दोन अधिक आला तर पुन्हा एक जनुकीय तपासणी. परळच्या टाटा रुग्णालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या खाजगी पॅथॉलॉजी लॅबपर्यंत रोज असे निकाल लिहिले जातात. रिपोर्ट हातात घेऊन बाकावर बसलेल्या कुटुंबाचे पुढचे वर्षभर त्या तपकिरी रंगावर ठरते. प्रतिपिंडाला चकाकणारा रंग जोडून त्याच्याकरवी ऊतीतले लक्ष्य दाखवण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली. मग युद्ध आले. पद्धत खऱ्या अर्थाने कामाची झाली ती १९५०च्या सुमारास. इथेही दहा वर्षे.

अशी दहा वर्षे कुणी कुणाला द्यावीत, हा या लेखाचा विषय आहे.

विज्ञानातल्या पुरस्कारांचा ओघ दोन टोकांना जातो. तरुण वयातली चमक सगळ्यांना दिसते, म्हणून 'तरुण वैज्ञानिक' पुरस्कार भरपूर. जन्मभराच्या कामाची कृतज्ञता व्यक्त करायची म्हणून जीवनगौरवही भरपूर. दोन्ही योग्यच आहेत. पण साधारण चाळीस ते पंचावन्न या वयात, जेव्हा माणसाकडे अनुभव आहे, ताकद आहे आणि धाडस करण्याइतकी समजही आहे, तेव्हा त्याच्याकडे पाहणारे कमी. त्याच काळात त्याच्यावरचा भार सर्वांत जास्त. विभागाच्या समित्या, परीक्षा, नॅक मूल्यांकनाच्या फायली, विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचे पाठपुरावे, खर्चाची युटिलायझेशन सर्टिफिकेटे, घरी दहावी-बारावीतली मुले आणि सत्तरीपलीकडचे आईवडील. प्रोजेक्ट तीन वर्षांचा मिळतो. त्यातले पहिले वर्ष यंत्र मागवण्यात आणि माणसे नेमण्यात जाते, शेवटचे सहा महिने पुढच्या प्रोजेक्टचा अर्ज लिहिण्यात. या चौकटीत दहा वर्षांत पिकणारी कल्पना हाती धरायची तर माणसाला आपल्याच विद्यार्थ्यांचे भविष्य पणाला लावावे लागते. बहुतेक जण सुज्ञपणे तसे करत नाहीत. दोन वर्षांत निबंध निघेल असे प्रश्न निवडतात. यात त्यांचा दोष नाही. व्यवस्थेने त्यांना तेच शिकवले आहे.

एरिक बेट्झिग या अमेरिकी वैज्ञानिकाची गोष्ट यासंदर्भात सांगण्यासारखी आहे. १९६०चा जन्म. बेल लॅब्जमध्ये सूक्ष्मदर्शनावर त्यांनी तरुणपणीच नाव कमावले आणि मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथून बाहेर पडले. काही वर्षे मिशिगनमध्ये वडिलांच्या यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत काम केले. विज्ञानाच्या दृष्टीने ते नाहीसेच झाले होते. पुढे जुने सहकारी हॅराल्ड हेस यांच्याबरोबर त्यांनी एक नवी कल्पना घेतली: पेशीतले चकाकणारे रेणू एकदम न पेटवता थोडे थोडे पेटवायचे, प्रत्येकाची जागा नेमकी टिपायची आणि सगळ्या टिपणांची एक प्रतिमा करायची. त्यासाठी लागणारे चकाकणारे प्रथिन जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ आणि जॉर्ज पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. पहिले यंत्र हेस यांच्या ला होया इथल्या घराच्या दिवाणखान्यात जुळवले गेले. २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला, २०१४ मध्ये रसायनाचे नोबेल. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची जी मर्यादा शतकाहून अधिक काळ अटळ मानली जात होती, ती ओलांडली गेली तेव्हा बेट्झिग ४६ वर्षांचे होते. आपल्या देशातल्या बहुतेक प्रतिष्ठेच्या पुरस्कारांच्या वयोमर्यादेत ते त्या वर्षी बसले नसते.

ही वयोमर्यादा नीट तपासायला हवी. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला गेला; वयाची अट पंचेचाळीसची. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार नावाची नवी रचना आणली. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम अशा त्यातल्या चार पायऱ्या. भटनागर यांचे नाव 'विज्ञान युवा'ला जोडले गेले आणि पंचेचाळीसची अट कायम राहिली. २०२४च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती भवनात पहिले ३३ पुरस्कार दिले गेले. इन्फोसिस पुरस्कार हा आजवर खऱ्या अर्थाने मधल्या वयाचा पुरस्कार होता, कारण त्याची मर्यादा पन्नास होती. २०२४ पासून ती चाळिसावर आली. तरुण संशोधकांना लवकर बळ मिळावे हा त्यामागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण परिणाम असा, की खाजगी क्षेत्रातला सर्वांत मोठा भारतीय विज्ञान पुरस्कारही आता पहिल्या टोकाकडे सरकला आणि मधली जागा आणखी ओस पडली.

आपल्याकडचे गणित जमवून पाहावे. पीएच.डी. साधारण तिशीच्या आसपास पूर्ण होते, परदेशातले पोस्टडॉक पस्तिशीपर्यंत, मग नोकरी. रिकामी खोली, वीजजोडणी, एसी, मायक्रोस्कोपची निविदा, पहिला विद्यार्थी हे सगळे उभे राहीपर्यंत चाळिशी येते. हिस्टोकेमिस्ट्रीसारख्या क्षेत्रात तर हाताला वळण लागायलाच वेळ लागतो. स्वतःच्या प्रयोगशाळेतले पहिले मोठे काम पूर्ण होते तोवर पंचेचाळिशी उलटायला आलेली असते. काही जण या वेळात जग थक्क होईल असे काम करतात. सत्यजित मेयर यांचे उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मेयर यांनी बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये पेशीच्या पटलावरची प्रथिने अतिशय लहान गटांनी कशी राहतात हे प्रकाशाच्या सूक्ष्म मोजमापांनी दाखवले. २००३ मध्ये भटनागर आणि २०१२ मध्ये इन्फोसिस त्यांना मिळाला. दुसरा पुरस्कार मिळाला तेव्हा ते चाळिशी मागे टाकून चुकले होते. आजच्या नियमांत तो त्यांना मिळाला नसता.

या गणितात स्त्रियांना सर्वांत मोठा फटका बसतो. पस्तीस ते पंचेचाळीस ही वर्षे कारकीर्द घडण्याची आणि तीच बाळंतपणाची, मुलांची, घरातल्या आजारपणांची. भटनागर पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी, वर्ष १९६१. त्यानंतर साठ वर्षांनी, २०२१च्या यादीत एकही स्त्री नव्हती. २०२२च्या यादीतही नव्हती. या देशात लायक स्त्री-वैज्ञानिक नाहीत असे कुणी म्हणणार नाही. आपल्या संस्थांमध्ये डोकावले तरी त्या दिसतात. टीआयएफआरच्या विदिता वैद्य यांना २०१५ मध्ये हा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेच्या कामाकडे पाहून कितीतरी मुली मेंदूविज्ञानाकडे वळल्या असतील. उणीव आहे ती मोजण्याच्या पद्धतीत. जन्मतारखेऐवजी पीएच.डी. नंतर प्रत्यक्ष संशोधनात गेलेली वर्षे मोजली आणि त्यातून बाळंतपणाची व शुश्रूषेची वर्षे वजा केली, तर यादी बदलेल. हे कल्पनारंजन नाही. युरोपीय संशोधन परिषद आईला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची सवलत देते. आपल्याकडच्या डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्सनेही फेलोशिपसाठी वयाची अट बाजूला ठेवून संशोधनाचा अनुभव मोजायचे ठरवले. फेलोशिपला जे जमते ते पुरस्काराला न जमण्याचे कारण नाही.

कमल रणदिवे यांच्या आयुष्याकडे या प्रश्नाच्या उजेडात पाहिले की बरेच काही उलगडते. १९१७ साली पुण्यात जन्म, माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने शिकावे यावर त्यांचा कटाक्ष. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. भारतीय पॅथॉलॉजीचा पाया घालणाऱ्या खानोलकरांनी त्यांना परदेशी जाऊन टिश्यू कल्चर शिकून येण्याचा सल्ला दिला. बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या ते शिकल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढत ठेवण्यात जगात पहिले यश मिळाले ते याच गे यांना. परत येऊन त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ते तंत्र रुजवले.

तिथे त्यांनी जे केले ते मधल्या वर्षांचे खरे काम होते. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांशी काय संबंध आहे हे पाहण्यासाठी त्यांनी उंदरांच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम केले. १९५८ मध्ये बापट आणि खानोलकर यांच्यासोबत त्यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींमधून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे याच जंतूपासून कुष्ठरोगावर लस करण्याचे प्रयत्न झाले. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो त्यांना. सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या सत्तेचाळिसाव्या वर्षात होत्या. १९६६ ते १९७० त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली, १९७३ मध्ये इतर स्त्री-वैज्ञानिकांना सोबत घेऊन भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी स्त्रिया आणि मुले यांच्या पोषणावर काम करत राहिल्या.

१९६४ मध्ये त्या पुरस्काराला पंचेचाळीसची अट असती तर? त्यांचे काम थांबले नसते, हे त्यांच्या स्वभावाकडे पाहून म्हणता येते. पण परळच्या त्या प्रयोगशाळेत येणाऱ्या मुलींना, की ज्यांतल्या अनेकजणी घरच्यांशी भांडून तिथे पोचल्या होत्या, आपल्या बाईंच्या कामाला देशाने ओळखले हे त्या वेळी दिसणे फार मोलाचे होते. पद्मभूषण पुढे अठरा वर्षांनी आले.

पुरस्कारांनी विज्ञान घडत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो पूर्णपणे खोटा नाही. ऑस्वाल्ड एव्हरी यांनी १९४४ मध्ये डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचे दाखवले तेव्हा ते सदुसष्टाव्या वर्षात होते आणि त्यांना नोबेल कधीच मिळाले नाही. फॉयल्गेन यांनाही मिळाले नाही. १९५३ मध्ये डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना जगापुढे आली आणि दोन वर्षांनी ते गेले. विज्ञानाची गाडी तरी पुढे गेलीच. पण या उदाहरणांतून पुरस्कार निरर्थक आहेत असे निघत नाही. ज्या देशात २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च झाली, तिथे एखाद्या संशोधकाला त्याच्या क्षेत्रातल्या माणसांनी 'तुझे काम आम्ही वाचले आहे' असे सांगणे ही मोठी गोष्ट असते. त्याच्या कुलगुरूंच्या टेबलावर ते पत्र जाते. थकलेल्या विद्यार्थ्याला आपण योग्य ठिकाणी आहोत असे वाटते. देखभालीचा करार संपलेल्या मायक्रोस्कोपची फाइल पुढे सरकते. पुरस्काराचे हे दुय्यम परिणाम संशोधकाच्या आयुष्यात फार पुढेपर्यंत पुरतात.

म्हणूनच नुसते पदक पुरेसे नाही. मधल्या वयाच्या माणसाला टाळ्यांपेक्षा मोकळा वेळ जास्त हवा असतो, आणि त्याच्याबरोबर एक भरवशाचा तंत्रज्ञ. ज्याने शिफचा अभिकर्मक शेकडो वेळा बनवला आहे, ब्लॉकचा काप न फाटता काढणे ज्याच्या बोटांत आहे, असा माणूस प्रयोगशाळेत असला की कामाला वेग येतो. आपल्या विद्यापीठांत अशा जागा निवृत्तीनंतर भरल्याच जात नाहीत. कंत्राटी मुलगा वर्षभर शिकतो आणि दोनशे किलोमीटरवर थोडा जास्त पगार मिळाला की जातो. त्याने तरी का थांबावे? मोठमोठी यंत्रे घेण्यासाठी पैसा मिळतो, पण ती चालवणाऱ्या हातांसाठी मिळत नाही, हा आपल्या संशोधनाचा जुना रोग आहे. फॉयल्गेन यांनी गीसेनमध्ये जे केले त्यासाठी फार महाग यंत्र लागले नव्हते. लागला होता तो हात आणि दशक.

महाराष्ट्राला हे करता येण्यासारखे आहे. पेशी आणि ऊतींचे विज्ञान या राज्यात जितके रुजले आहे तितके देशात फार थोड्या ठिकाणी असेल. परळचे संशोधन केंद्र आता खारघरला अ‍ॅक्ट्रेकच्या रूपाने काम करते. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण तिथून जातात. आघारकर संस्था १९४६ पासून आहे, आयसर आहे, टीआयएफआर आहे. यांच्या जोडीला नांदेड, कोल्हापूर, जळगाव, अमरावती इथल्या विद्यापीठांचे विभाग आहेत, जिथे एकेक प्राध्यापक मर्यादित साधनांवर चिकाटीने काम करतो आहे आणि ज्यांच्याकडे दिल्लीच्या समित्यांचे सहसा लक्ष जात नाही. राज्य सरकारने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत कमल रणदिवे यांच्या नावाने मधल्या कारकिर्दीच्या संशोधकांसाठी पुरस्कार सुरू करावा, अशी आमची मागणी आहे. क्षेत्र पेशी आणि ऊतींचे विज्ञान असावे. वयाची अट नसावी, पीएच.डी. नंतर प्रत्यक्ष संशोधनाची दहा ते वीस वर्षे हा निकष असावा आणि खंड पडलेली वर्षे त्यातून वगळावीत. शोधाइतकेच पद्धती घडवण्याच्या कामाला महत्त्व द्यावे. पुरस्काराबरोबर पाच वर्षांचा निधी, अध्यापनाचा भार निम्मा करण्याचे विद्यापीठाचे लेखी वचन आणि एका तंत्रज्ञाची पूर्णवेळ पगारी जागा यावी. दरवर्षी किमान एक पुरस्कार मुंबई-पुण्याबाहेरच्या संशोधकाला जावा. निवड समितीत अधिकारी कमी आणि प्रयोगशाळेत रोज उभे राहणारे लोक जास्त असावेत. विजेत्याने राज्यातल्या महाविद्यालयांत जाऊन आपले काम मराठीत समजावून सांगावे.

२०२७च्या ८ नोव्हेंबरला कमल रणदिवे यांच्या जन्माला ११० वर्षे होतील. येत्या अर्थसंकल्पात तरतूद झाली, वर्षभरात नियम ठरले, तर त्या दिवशी पहिला पुरस्कार देता येईल. रक्कम सरकारच्या दृष्टीने नगण्य आहे. अर्ज मागवण्याची जाहिरात निघाली, की अकोल्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या विभागांत कोण कोण अर्ज भरते, ते आम्हाला पाहायचे आहे.